ढोले बाई सांत्वनाला येतात

आमच्या सेलूच्या चौकात भरदुपारी एक चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई स्टुलावर चढून श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पेनाने काहीतरी गिरवताना दिसल्या, तर घाबरू नका. त्या आमच्या ढोले बाई. ‘श्रध्दांजली’ असं छापलेलं त्यांना सहन होत नाही. स्टूल पानठेलेवाल्याचं असतं आणि ते धरून उभाही तोच असतो, कारण तोसुद्धा त्यांचाच विद्यार्थी.

“अर्ध्या ‘द’ले ‘ध’ जोडाचा, ‘ध’ले ‘द’ नाई,” वरून त्या त्याला शिकवतात. “फोटोतला पोट्टा माह्या वर्गातला हाये. त्याच्या नावावर चूक राहू देऊ का?”

हा पोट्टा सत्तरी गाठून गेलेला असतो.

बाईंनी जन्मभर इथल्या प्राथमिक शाळेत शिकवलं. लग्न केलं नाही. आता त्यांचे विद्यार्थी त्यांच्या आधी जायला लागलेत, आणि बाई प्रत्येकाच्या घरी सांत्वनाला जातात. छत्री टेकत त्या दारात आल्या, की भिंतीला टेकलेली म्हातारी माणसं आपोआप ताठ बसतात. एकाने तर चुकून “हजर” म्हटलं होतं.

सांत्वनाच्या घरी आपण जे बोलतो, ते बाई बोलत नाहीत. आमचे माजी सरपंच गेले तेव्हा कोणीतरी उसासा टाकून म्हणालं, “देवमाणूस होता!”

“खोटं नोको बोलू,” बाई म्हणाल्या. “कायचा देवमाणूस? तिसरीत पाढे येत नोयते, तर परीक्षेच्या दिवशी कापसाच्या गंजीत लपला. बाहेर काढला तं भुवयासुदिक पांढऱ्या. याच्या मायनं ओळखला नाई, म्हने हा कोनाचा बुढा आनला?”

सरपंचांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. रडतात की हसतात ते कळेना. मग म्हणाल्या, “बाई, हे तं मले त्यायनं कधीच सांगतलं नाई. अजून सांगा नं.”

गेल्या हिवाळ्यात माझे बाबा गेले. बाबा अबोल आणि कडक. त्यांनी आम्हा भावंडांना कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. लोक येत होते, चहा घेत होते, ‘शिस्तीचा माणूस’ म्हणून निघून जात होते. मी मात्र बाईंची वाट पाहत होतो. बाबांचीही कापसाच्या गंजीसारखी एखादी फजिती असेल, आई जरा हसेल, असं मला वाटत होतं.

पाचव्या दिवशी बाई आल्या. आईचा हात हातात घेऊन बसल्या.

“दुसरीत होता,” मग त्या म्हणाल्या. “त्याची माय वारली. चौथ्या दिवशी शाळेत आला. रडला नाई, बोलला नाई. मधल्या सुट्टीत माह्याजवळ आला आन् मांडीवर डोकं ठेवून झोपून गेला. मी तवा वीस वर्षांची पोरगी. मले काय समजे? घंटा झाली, पोट्टे वर्गात आले. याले कसं उठवू? मी साऱ्यायले म्हनलं, आज पाढे हळू म्हना. साऱ्या वर्गानं कुजबुजत पाढे म्हनले. माह्या पायाले मुंग्या आल्या, पन मी हालली नाई.”

आई पन्नास वर्षं बाबांबरोबर राहिली होती. ती इतकंच म्हणाली, “म्हून ते कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपत.” आणि पाच दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली.

संध्याकाळी बाईंना घरी सोडायला गेलो. त्या कुलूप काढत असताना मी म्हणालो, “बाई, तुम्ही नसता तर बाबाही कधी लहान होते हे आम्हाला कळलंच नसतं.”

“हो नं,” त्या म्हणाल्या. किल्ली कुलपातच राहिली. “पन मले लहानपनी पायलेलं एकबी मानूस आता राह्यलं नाई. धाकटी बहीन होती, तेबी मागच्या सालात गेली. मी रडकी होती का हट्टी होती, कोन सांगन? लोकायले वाटते मी बाई म्हूनच जन्माले आली.”

मी घरी पाहुणे आहेत हे विसरलो. चपला काढल्या आणि ओट्यावर मांडी घालून बसलो.

“मले सांगा. मी ध्यानात ठेवतो.”

“वेळ हाये का तुले?”

“हाये.”

बाई समोर बसल्या. लुगड्याचा काठ बोटांनी सारखा करत राहिल्या. इतक्या घरांत इतकं बोललेल्या बाईंना सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं.

“घरी मले चिमी म्हनत,” शेवटी त्या म्हणाल्या, आणि चक्क लाजल्या.