भादुडी निर्गमन प्रकरण

कलकत्त्याजवळच्या कोन्नगरचे निरुपम भादुडी हे एका मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना एका ग्रुपमधून बाहेर पडले. घटना एवढीच. पुढे जे झालं ते 'पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना' हे शब्द मानायला कोणी तयार नव्हतं म्हणून झालं.

ग्रुपचं नाव 'गोयंदा बैठक', म्हणजे गुप्तहेरांची बैठक. जुन्या, अस्सल, अभिजात गुप्तहेरकथांवर जीव टाकणाऱ्यांची ही बैठक फोनमध्ये भरायची आणि तिला अकरा हजार सभासद होते. पुस्तकाशेजारी चहाचा कप ठेवून काढलेले फोटो तिथे येत. कप डाव्या हाताला असावा की उजव्या, यावरून दोन तट पडत, तटांचे पोटतट पडत आणि पोटतटांची आपसात बोलचाल बंद होई. मुखपृष्ठाचा पिवळा रंग मुळातला पिवळा की काळाने पिवळा, यावर एकदा सबंध दुर्गापूजेची सुट्टी खर्ची पडली होती. सभासदांना हुद्दे असत. नवा आला की शिपाई, मग हवालदार, मग दारोगा. निरुपमबाबू कॉलेजातून निवृत्त झाल्यावर इथे दाखल झाले आणि चिकाटीने दारोगापदाला पोचले. एवढ्या काळात त्यांचं एकही पुस्तक वाचून झालं नाही. रहस्यकथांच्या कामातून वेळच मिळाला नाही.

त्या मंगळवारी त्यांनी कॉलेज स्ट्रीटच्या फुटपाथवर कधीतरी घेतलेली एक जुनी कादंबरी काढली आणि ते पलंगावर लवंडले. पहिल्याच प्रकरणात जमीनदार आपल्या ग्रंथालयात मरून पडला. त्याचं अंग थंड पडतं न पडतं तोच फोन चिवचिवला. 'खिचुडी खाताना वाचायला कोणती रहस्यकथा बरी?' असा प्रश्न आला होता. त्याला उत्तरं येऊ लागली. खिचुडीबरोबर भाजलेला पापड की तळलेलं वांगं, इथपर्यंत चर्चा गेली, तेव्हा निरुपमबाबूंच्या लक्षात आलं की 'दार आतून बंद होतं' हे एकच वाक्य आपण मघापासून वाचतो आहोत. त्यांनी फोन उचलला, बटण दाबलं आणि ग्रुप सोडला. मग दार उघडलं, आत नोकर शिरला, किंकाळी फुटली आणि निरुपमबाबू थेट चहाच्या वेळेलाच भानावर आले.

चहा घेऊन केतकी वर आली होती. ती होमिओपॅथीची डॉक्टर. तळमजल्यावर तिचा दवाखाना होता आणि सगळं गाव तिला बौदी म्हणजे वहिनी म्हणायचं.

"बरं आहे ना?" ती म्हणाली. "दुपारभर कोणावर चिडला नाहीस."

"वाचत होतो."

"अगं बाई," केतकी म्हणाली आणि तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बैठकीचे अॅडमिन मनोतोष सान्याल सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते. चौकशी समित्यांची इतिवृत्तं लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं : 'दारोगा श्री. निरुपम भादुडी यांचे निर्गमन झाले असल्याचे निदर्शनास आले आहे. निर्गमनापूर्वी निरोपाचा मजकूर आढळून आलेला नाही. सबब प्रकरण संशयास्पद समजण्यात यावे.'

संशयाला जागा होतीच. आजवर ज्यांनी ज्यांनी बैठक सोडली, त्यांनी आधी लांबलचक निरोप लिहिला होता, मन दुखावणाऱ्यांची नावं घेतली होती आणि दोन दिवसांत ते परत आले होते. गुपचूप कोणीच गेलं नव्हतं. मेलेले सभासदसुद्धा गेले नव्हते. त्यांना अजून वाढदिवसाच्या शुभेच्छा जात.

"माणूस स्वखुशीने जातो तेव्हा सांगून जातो," सान्यालांनी लिहिलं. "भादुडींनी सांगितलं नाही. म्हणजे ते स्वखुशीने गेले नाहीत. म्हणजे बटणावर पडलेलं बोट दुसऱ्याचं आहे."

"त्या घरात दुसरं बोट कोणाचं?" तपती धर यांनी विचारलं. तपतीदी बैठकीच्या विष विभागाच्या प्रमुख होत्या. उत्तराची वाट न पाहता त्यांनीच पुढे लिहिलं : "बौदींच्या दवाखान्यातल्या लाकडी पेटीत आर्सेनिक आहे. बेलाडोना आहे. नक्स व्होमिका, म्हणजे कुचला, आहे. मी स्वतः त्यांच्याकडून सर्दीसाठी आर्सेनिक घेतलेलं आहे."

"मग तुम्ही वाचलात कशा?" कोणा शिपायाने विचारलं.

"तेव्हा त्यांना माझ्याबाबतीत काही हेतू नव्हता," तपतीदींनी खुलासा केला. या खुलाशाला नऊशे जणांनी अंगठा दाखवला.

कोणीतरी हे सगळं निरुपमबाबूंच्या कानावर घातलं तेव्हा त्यांना हसू आलं. सभ्य माणूस करील तेच त्यांनी केलं. सान्यालांना फोन लावला.

"मनोतोषदा, मी निरुपम. अहो, मी ठणठणीत आहे. जरा वाचत बसलोय, एवढंच."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग सान्याल दबक्या आवाजात म्हणाले, "निरुपम, शेजारी कोणी उभं आहे का? नुसतं हो-नाही सांग."

"केतकी आहे. मासे निवडतेय."

"समजलो. तुला डांबून ठेवलं असेल तर फक्त 'हिल्सा' म्हण. मी ओळखीन."

"हिल्सा कुठली मनोतोषदा या दिवसांत? पाबदा आहेत."

रात्रीच्या इतिवृत्तात नोंद झाली : 'भादुडी यांनी हिल्सा म्हणण्याचे टाळले. तथापि प्रश्न नसताना पाबदा या माशाचा उल्लेख केला. संकेताचा अर्थ लावण्यासाठी मत्स्य उपसमिती नेमण्यात येत आहे.'

रविवारी शिष्टमंडळ आलं. सान्याल, तपतीदी आणि उपसमितीतले दोघे. स्टेशनवरून येताना त्यांनी वाटेवरच्या मासेवाल्याला गाठलं.

"भादुडींकडे हल्ली मासे किती जातात?"

"दोघांचे, बाबू."

"दोघांचे जातात, की दोघांना पुरतील एवढे जातात?"

मासेवाल्याने आजवर या दोन गोष्टींत फरक केला नव्हता. तो कोयत्यावरचा हात थांबवून विचारात पडला आणि त्याच्यापाठोपाठ सगळा बाजार विचारात पडला.

घरी केतकीने चहा केला, लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या तळल्या. कोणी कशाला हात लावला नाही. तपतीदींनी मात्र नाक वर करून दोनदा हवा ओढली.

"कडू बदामाचा वास येतोय, सायनाइडचा," त्या सान्यालांच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

"तुम्हीच आणलेल्या संदेश मिठाईत बदाम आहेत," केतकी म्हणाली. "कडू कसे निघाले ते दुकानदाराला विचारा."

निरुपमबाबू सगळ्यांसमोर उभे राहिले. हात हलवून दाखवले. हसून दाखवलं. सान्याल त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले.

"दिसायला भादुडींसारखेच आहेत," ते म्हणाले.

"अहो, मीच भादुडी!"

"असालही. पण आम्ही आजवर तुमचा ग्रुपवरचाच फोटो पाहिलाय. त्यात तोंडासमोर भिंग आहे."

निघताना उपसमितीतल्या एकाला पलंगावरची कादंबरी दिसली. "हे वाचताय होय?" तो आपुलकीने म्हणाला. "यात तो डॉक्टर खुनी निघतो."

निरुपमबाबूंचा चेहरा उतरला. "तुम्ही वाचलंय?"

"छे छे! बैठकीवर आलं होतं."

इथपर्यंत निरुपमबाबू चेष्टेवारी नेत होते. पण दुसऱ्याच दिवसापासून दवाखान्यात वेगळाच प्रकार सुरू झाला. रुग्ण येत, दुखणं सांगत, पुडी हातात घेत आणि अदबीने म्हणत, "बौदी, आधी एक गोळी तुम्ही घ्या ना." केतकी घ्यायची. काय करते? सबंध आठवडा तिने कोन्नगरचं अपचन, खोकला, संधिवात आणि एका नवऱ्यामुलाची धास्ती स्वतःच्या पोटात घेतली. मग तेवढेही लोक येईनासे झाले. बाकांवर धूळ बसू लागली. वर्षानुवर्षं येणारे पालबाबू समोरच्या फुटपाथने, छत्री आडवी धरून जाताना दिसले, तेव्हा तिने दवाखान्याचं दार लोटलं आणि आतल्या आत बराच वेळ बाटल्या पुसत बसली. निरुपमबाबूंनी ते जिन्यातून पाहिलं आणि त्या दिवशी कादंबरी उघडली नाही.

त्यानंतर पोलीस आले. ठाण्याचे बडोबाबू, म्हणजे मुख्य अधिकारी, गुइन भले गृहस्थ होते. चहासुद्धा प्यायले, फक्त कप निरुपमबाबूंच्या कपाशी बदलून.

"तुम्ही बेपत्ता असल्याच्या तक्रारींचा ढीग पडलाय," गुइन म्हणाले. "काही तर परदेशातून आल्यात."

"पण मी समोर बसलोय ना!"

"बसलाय. मी नाकारत नाही. पण तुमचं बसणं मला दिसतंय, तक्रारदाराला नाही. समाधान त्याचं व्हायला हवं. तेवढं तुम्ही त्या ग्रुपवर जाऊन सांगा, मी लगेच फाइल बंद करतो. नाहीतर मला बौदींना ठाण्यात बोलवावं लागेल. फार नाही, रोज थोडा वेळ."

निरुपमबाबूंनी मुकाट्याने प्रवेशासाठी अर्ज केला. त्यात एकच प्रश्न होता : 'पूर्वी ग्रुप सोडला असल्यास कारण?' उभा जन्म मुलांना पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. त्याने खरं ते लिहिलं. 'पुस्तक वाचण्यासाठी.'

बैठकीत असा क्षोभ चहाच्या कपावरूनही झाला नव्हता. हा अकरा हजार लोकांचा अपमान आहे, असं काहींचं म्हणणं पडलं. आम्ही काय इथे वाचायला येत नाही का, असं एक हवालदार विचारून बसला आणि त्यावर कोणीच काही लिहीना, म्हणून त्याने तो मजकूर पुसला. शेवटी सान्यालांनी निर्णय दिला : 'रहस्यकथा वाचता याव्यात म्हणून रहस्यकथांचा ग्रुप सोडणे, हा हेतू विश्वासार्ह नाही. पूर्वोदाहरण नाही. अर्जदार हा तोतया आहे. मूळ भादुडींचा शोध जारी ठेवावा.'

त्या संध्याकाळी नवरा-बायको जेवायला बसले.

"चुकलंच माझं," निरुपमबाबू म्हणाले. "मी एक लांबडा निरोप लिहायला हवा होता. दोघाचौघांना शिव्या द्यायला हव्या होत्या."

"त्यांना काय हवंय ते माझ्या लक्षात आलंय," केतकी म्हणाली. "बोलव सगळ्यांना."

"कशाला?"

"शेवटाला. असल्या गोष्टींत शेवटी सगळ्यांना एका खोलीत बोलावतात ना?"

निमंत्रणाची गरजच नव्हती. सान्याल त्याचीच वाट पाहत होते. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या गेल्या. शिष्टमंडळ आलं, गुइन आले, मासेवाला आला, छत्री मिटून पालबाबू आले. सान्याल मध्यभागी उभे राहिले. समोर टेकवलेल्या फोनमधून बाकीची बैठक पाहत होती. सान्यालांनी एकेकाला आधी गुन्हेगार ठरवायला आणि मग निर्दोष सोडायला सुरुवात केली. पालबाबूंना तर आपण निर्दोष आहोत हे ऐकून भोवळ आली.

"मी केलं," केतकी मधेच म्हणाली.

"बौदी, थांबा जरा," सान्याल चिडून म्हणाले. "मला अजून मासेवाल्यापर्यंत यायचंय."

"मीच बटण दाबलं. हे झोपले होते."

निरुपमबाबू ताडकन उठले. "केतकी, काय बोलतेस हे? मी स्वतः..." पण तिने त्यांच्या पायावर पाय दिला आणि तो नीट दाबून धरला.

"हेतू?" तपतीदींनी श्वास रोखून विचारलं.

"सवत," केतकी म्हणाली आणि तिने फोनकडे बोट केलं. "दिवसरात्र उशाशी. माणूस माझा, बोलणार तिच्याशी. एक दिवस नाही सहन झालं."

मग फोनमधून बदामांचा, टाळ्यांचा, रडक्या तोंडांचा पाऊस पडू लागला. हा हेतू विश्वासार्ह होता. याला पूर्वोदाहरणं ढिगांनी होती. तपतीदींनी केतकीला मिठी मारली. गुइननी डोळे पुसून सांगितलं की नवऱ्याला ग्रुपमधून काढण्याला कायद्यात कलम नाही, सबब फाइल बंद. सगळ्यांनी चहा घेतला, लुची संपवल्या. पालबाबूंनी जाताना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेल्या.

"खोटं का बोललीस?" सगळे गेल्यावर निरुपमबाबूंनी विचारलं. "उगाच बदनामी घेतलीस माझ्यापायी."

"खरं बोलून तू काय मिळवलंस ते पाहिलं ना?" केतकी म्हणाली आणि कप गोळा करू लागली.

गुन्हा सिद्ध झाल्यामुळे निर्गमन आपोआप रद्द ठरलं. निरुपमबाबूंना न विचारता सन्मानाने परत घेण्यात आलं आणि झालेल्या त्रासाबद्दल वरिष्ठ दारोगा करण्यात आलं. फोन पुन्हा चिवचिवू लागला. ते हताशपणे त्याच्याकडे पाहत बसले, तेव्हा केतकीने हात पुढे केला.

"दे इकडे. मी बघते."

त्या दिवसापासून निरुपमबाबूंचा फोन दवाखान्यात असतो. एक रुग्ण जाऊन दुसरा येईपर्यंत केतकी आलेल्या प्रत्येक मजकुराखाली 'अप्रतिम' लिहिते. गर्दी असली तर नुसतं 'वा!'. बुधवारी, बदल म्हणून, 'सविनय असहमत'. काय लिहिलंय ते ती पाहत नाही; चष्मा रुग्णांसाठी राखून ठेवते. इतका रसिक, इतका समतोल सभासद बैठकीने पाहिला नव्हता. वार्षिक मेळाव्यात 'सर्वोत्कृष्ट वाचक' हा किताब निरुपम भादुडी यांना एकमताने देण्यात आला. तो घ्यायला केतकी गेली, कारण निरुपमबाबू गच्चीवर शेवटून दुसऱ्या प्रकरणात होते आणि त्यांना हलवणं बरं नव्हतं.

या प्रकरणाची समग्र हकिकत, म्हणजे हीच, अलीकडे कोणीतरी बैठकीवर टाकली. मिनिटभराच्या आत तीनशे जणांनी खाली 'अप्रतिम' लिहिलं. त्यात एक केतकीचं होतं. उरलेल्यांनी ती वाचली की नाही, याची चौकशी करायला बैठकीने नकार दिला आहे. मिनिटभरात ही हकिकत वाचून होते का, ते तुम्हीच सांगू शकाल. अर्थात, तुम्ही ती वरपासून वाचत आला असाल तर.