लियाकतभाईंची डोंगरावरची गुप्त देखरेख

"मला आणि चकवा? अरे, धुकं असो की अंधार, अख्ख्या नाशिक जिल्ह्यात मी वाट चुकणं शक्य नाही!"

असं छातीठोकपणे सांगणारे लियाकतभाई सातपूरला लेथवर काम करायचे. वीस वर्षांत घर आणि कारखाना सोडून फारसे कुठे गेले नव्हते, पण आत्मविश्वास असा, की विचारू नका! त्यांची अफिफा नववीत. शाळेच्या सुयश सरांनी आज मुलांना एक दिवस डोंगरावर न्यायचं ठरवलं होतं, आणि डिसेंबरमध्ये कडे चढायचं पाच दिवसांचं शिबिर होतं. त्या शिबिराचा अफिफानं ध्यासच घेतला होता. लियाकतभाईंना मात्र कळेना, की अभ्यास सोडून पोरीनं दगडांना कशाला लटकायचं!

"आज जरा काही वेडंवाकडं झालं, तर डिसेंबर विसरायचं," त्यांनी सकाळीच बजावलं.

"तुम्हाला कसं कळणार, अब्बा? तुम्ही तर ड्यूटीवर!"

ड्यूटी कसली! बायकोला, माजिदाला, फर्स्ट शिफ्ट सांगून हे महाशय, कोणाला दिसू नये म्हणून बस सुटल्यावर चांगल्या दीड तासानं, मोटरसायकलवरून तिच्या मागे निघाले. लेकीवर चोरून नजर ठेवायची, एवढाच बेत.

गिरणारे गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी रिकामी बस उभी होती. भाद्रपदातलं धुकं पार रस्त्यावर उतरलेलं. शेजारी चिमणाबाईची चहाची टपरी.

"मावशी, पोरं कुठं गेली हो?"

"वर." चिमणाबाई चहा गाळता गाळता म्हणाली. "जाताना लय कलकलाट होता. मग एकदमच गप झाली बघा. तास झाला, एक आवाज नाय."

"तीस पोरं, आणि आवाज नाही?"

"म्हून तर सांगते, तुमी नका जाऊ."

लियाकतभाई हसले आणि निघाले. दहाव्या मिनिटाला पायवाट संपली, पंधराव्या मिनिटाला हसू! पुढे धुकं, मागे धुकं. पानांवरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. ते थांबले. त्यांची पावलं थांबली, पण पावलांचा आवाज काही थांबेना!

सर्र... सर्र... कोणीतरी पाय घासत येत होतं. एक नाही, पुष्कळजण.

भाई खडकाआड दबले. धुक्यातून एक रांग बाहेर आली. माना खाली, सगळ्यांच्या डोळ्यांवर पांढरी फडकी, सगळ्यांचा डावा हात एकाच लांब दोरीवर. कोणी बोलेना, कोणी खोकेना. हातभर अंतरावरून एकेक आकृती सरकत गेली. शेवटची मात्र थबकली. तिनं बांधलेल्या डोळ्यांनीच तोंड खडकाकडे वळवलं आणि हवेचा वास घेतला.

"मशीनच्या तेलाचा वास येतोय," ती हळूच म्हणाली. आवाज अफिफाचा! "अब्बा?"

लियाकतभाईंची बोबडीच वळली. पोरीला झपाटलं! ते मागे सरले, पाय घसरला आणि गडगडत खालच्या कारवीच्या झुडपांत जाऊन अडकले.

"अब्बा! कुठे आहात?" वरून हाका सुरू झाल्या. पण रानात न दिसणाऱ्या माणसाच्या हाकेला ओ द्यायची नाही, नाहीतर ते धरतं, हे भाईंनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यांनी तोंडात रुमाल कोंबला! वरची पोरं घसा फोडून ओरडताहेत आणि हे खाली दम धरून बसलेत. तेवढ्यात अंगावर काहीतरी लांबलचक येऊन पडलं.

"साप! साऽऽप!"

"दोरी आहे! सर, ते इथंच आहेत!"

कमरेला दोर बांधून, जपून पाय रोवत कोणीतरी खाली उतरलं.

"तू... तू अफिफाच ना?"

"नाही, तिचं भूत! आधी हात द्या. खाली बघू नका. श्वास घ्या, अब्बा."

लेकीचा तो शांत आवाज ऐकून त्यांना रडूच कोसळलं. घरात पाल दिसली तर पलंगावर चढणारी ही पोरगी! तिनं त्यांच्या कमरेला गाठ मारली, वरच्यांनी ओढलं, आणि लियाकतभाई वर आले. फडकी कपाळावर सरकवून तीस पोरं त्यांच्याकडे पाहत होती.

"डोळे बांधून, अक्षर न बोलता, दोरीच्या भरवशावर चालायचा सराव होता," सुयश सर म्हणाले. "दोरीचं टोक धरून मी पुढे धुक्यात होतो. कान उघडे ठेवायला शिकतात, एकमेकांना सांभाळायला शिकतात."

"नाकही उघडतं, सर," लियाकतभाई डोळे पुसत म्हणाले. मग हळूच, "पोरीला डिसेंबरला पाठवतो. फक्त माजिदाला यातलं काही कळू देऊ नका."

अफिफानं मान खाली घातली. "अब्बा, माणूस सापडला की आधी त्याच्या घरी कळवायचं, असा नियम आहे. तुम्ही वर आल्याबरोबर सरांनी अम्मीला फोन केला."

"काय म्हणाली?"

"शिबिरात माझं नाव घाला म्हणाली. आणि घरी येईपर्यंत अब्बांना दोरी सोडू देऊ नका."

लियाकतभाईंनी तशीही ती सोडलेली नव्हतीच.