देवराव आणि रक्त देणाऱ्यांची यादी

देवराव स्वतःच्या खोलीतही दार वाजवून शिरायचा. खोली माझी, भाडेकरू तो, आत कोणी नाही. तरी दोनदा टकटक. "अरे, आत कोन हाय?" मी एकदा विचारलं. म्हणाला, "कोनीच नाई बाई. पन सवय असावी."

गडचिरोलीतल्या एका संस्थेची इंटरनेटवरची पानं तो सांभाळायचा. मी तिथंच झाडलोट करायचे. जगातल्या माणसांचे त्याने तीन भाग केले होते: मालक, मंडळी आणि बाकीचे. कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी आत शिरायचं, हे तिघांना वेगवेगळं ठरवून द्यायचा. घरातही तेच. "लोणच्याच्या बरणीचे मालक तुमी. आमी बाकीचे. आमाले पाहाचीच मुभा." पाहता पाहता अर्धी बरणी संपवली.

"भाऊ, सगळं सगळ्याइले उघडून टाक ना," सोबतचे म्हणायचे.

"मंग घरी दारं कायले लावता?"

त्याच्या पानांत एक यादी होती, रक्त देणाऱ्यांची. गावोगावचे दवाखाने ती पाहून माणूस बोलावत.

एका दुपारी कुरखेड्याकडच्या दवाखान्यातून फोन आला. आमच्या गल्लीत मासे विकणारी शेवंता, तिची लेक संगीता तिथं बाळंत झाली होती. रक्त थांबत नव्हतं. आईचं रक्त जुळलं नाही. यादी उघडायला गेलं की संगणक म्हणे, मनाई आहे.

"यादी त उघडीच हाय," देवराव म्हणाला. संगणकात कप्प्याबाहेर कप्पा, प्रत्येकाला दार. यादीचा कप्पा पाहिला, उघडा. त्याच्या बाहेरचा पाहिला, तोही उघडा. फोन पुन्हा वाजला. हा घामाघूम. "कुठी तरी एक दार लागलं हाय, बाई." तासभर दारच शोधत बसला.

मी झाडू टाकला. "तुले दिसते का रे थे नावं?"

"मले त दिसतेच. मी मालक हावो."

"मंग फोनवर वाच ना, मुडद्या!"

वाचली. नावं तासभर त्याच्या डोळ्यांसमोर होती. मलाही तासाभरानंच सुचलं, म्हणून मी त्याला फार बोलत नाही. रक्त देणारा सायकल हाणत आला. संगीता त्याच्या आधी गेली. पोरगी तेवढी राहिली.

दार सापडलं. सगळ्यात बाहेरचं. आदल्या दिवशी त्यानंच लावलं होतं, आणि स्वतः लावलेलं म्हणून ते शेवटी पाहिलं. कोणाला कळलं नसतं. पण तेरावं झाल्यावर तो शेवंताकडे गेला. मी सोबत होते.

"मावशी, थे दार मीच लावलं होतं."

"काऊन?"

"कोनी नावं पुसून टाकन म्हून." मग खाली बघून म्हणाला, "मी रोज वाचतो थे यादी. माह्या घरचं कोनी नाई. बोलावलं त येऊ, असं लिवून देल्लेली मानसं हायेत थे. म्हून जपतो."

शेवंता माशाचे खवले काढत राहिली. मला वाटलं, आता विळा उगारते. तिनं हात लुगड्याला पुसले.

"माहं नाव लिवून घे," ती म्हणाली. "कोनाले त जुळन."