अण्णा पुढे गेले

आमचे अण्णा, म्हणजे बन्सीधरराव, कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले होते. त्यांचा शेवटचा साधा दिवस जिंतूरच्या पाण्याच्या टाकीवर गेला. त्यांना हिमालयात जायचं होतं, त्यासाठी चढायचा सराव हवा होता, आणि घराजवळ उंच म्हणावा असा तेवढाच एक जिना होता. पाठीवरच्या पिशवीत सोयाबीन भरून ते सकाळी नाश्ता करून वर चढले.

आमच्याकडे माणूस टाकीवर चढला की त्याची काहीतरी मागणी असते. थोड्याच वेळात खाली पोलीस, तहसीलचे एक साहेब आणि दोन पत्रकार जमले. साहेबांनी भोंग्यावरून मागणी विचारली.

"मागणी न्हाई साहेब," अण्णा वरून म्हणाले. "हिमालय बघायचाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं. विषय शासनस्तरावर विचाराधीन असल्याचं लेखी आश्वासन दिलं आणि आंदोलन मागे घेण्याची विनंती केली. अण्णांनी ती मान्य केली, कारण तसंही त्यांचं चढून झालं होतं. खाली आल्यावर लिंबू सरबत पाजून त्यांचं उपोषणही सोडवण्यात आलं. सकाळी त्यांनी तीन धपाटे खाल्ले होते, हे आईने कुणाला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बाजेवरून उठले नाहीत. डॉक्टरांनी दाखला दिला, नगरपरिषदेने त्या दाखल्यावरून आणखी एक दाखला दिला, आणि गंगाखेडला आम्ही त्यांची राख गोदावरीत सोडली. सरकारदरबारी आणि देवाच्या दारी, दोन्हीकडे काम व्यवस्थित पार पडलं. राहिली फक्त सहल.

सहलीचं नाव होतं 'आशिया पाठीवर'. परभणीच्या एका हौशी कंपनीने ती काढली होती आणि तिचे गटप्रमुख योगीराज नावाचे उत्साही गृहस्थ होते. यात आशिया म्हणजे फक्त नेपाळ, असं अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी विचारणा केली होती. योगीराजांनी सांगितलं, की पिंगळी स्टेशन सोडलं की सगळा आशियाच लागतो. "मंग म्या जल्मापासून आशियातच हाय की," असं म्हणून अण्णांनी नाव नोंदवलं होतं.

तेराव्यानंतर मी नाव रद्द करायला फोन केला.

"मी मंजुषा बोलते, बन्सीधररावांची मुलगी. अण्णा गेले."

"गेले?" योगीराज म्हणाले. "आमाला न विचारता?"

"कुणालाच न विचारता."

"असं एकट्यानं जाता येत न्हाई, ताई. गट सोडून गेल्यावर मग आमची जिम्मेदारी राहत न्हाई."

इथे मी दुसरा शब्द वापरायला हवा होता. मराठीत तो आहे, दोनच अक्षरांचा आहे, शेळीमेंढीसाठी सर्रास वापरतात. पण आमच्या घरातली माणसं आजवर गेली, वारली, देवाघरी पोचली, अलीकडे ऑफ झाली. तो दोन अक्षरी शब्द कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. शिकलेल्या माणसाची जीभ अशा वेळी फार सभ्य होते. मी पुन्हा म्हणाले, अण्णा गेले. योगीराजांनी नोंद केली: प्रवासी स्वतःच्या जबाबदारीवर पुढे रवाना.

नाव रद्द होणार नव्हतं. वारसाच्या नावावर होऊ शकत होतं, मात्र त्यासाठी मूळ प्रवाशाची समक्ष सही लागणार होती. मूळ प्रवासी पुढे गेलेला असल्यामुळे वारसाने त्याच्या मागे जावं, गाठावं आणि सही घ्यावी, तोवर त्याच्याच जागेवर बसून प्रवास करावा, असा तोडगा निघाला. मला तो निर्बुद्ध वाटला. आईला वाटला नाही.

"जाऊन ये," आई म्हणाली. "घरात बसून तरी काय करायलीस? भेटलेच तर सांग, दाराची कडी लागंना झालीय."

'आशिया पाठीवर' या नावात पाठ कुणाची, याचा खुलासा पत्रकात नव्हता. ती नेपाळी हमालांची निघाली. आमच्या पिशव्या ते वाहत आणि आम्हाला फोटोपुरत्या उशा भरलेल्या पिशव्या दिल्या जात. माझी खरी पिशवी सरहद्दीवर चुकून दुसऱ्या बसमध्ये चढली आणि माझ्याआधी लुंबिनी पाहून आली. पुढचे तीन दिवस मी अण्णांच्या वाट्याचं जॅकेट घालून फिरले. कंपनीने ते मापाने शिवून घेतलं होतं आणि त्याच्या बाह्या माझ्या बोटांपुढे गेल्या होत्या. गटातले राणीसावरगावचे रंगनाथराव चढावर पायाला पहिली जळू लागल्यापासून एकच प्रश्न विचारत होते, की वर देव कोणता आहे. वर देव नसून नुसती खिंड आहे, हे कळल्यावर त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं. बिनादेवाचा एवढा चढ त्यांच्या खानदानात कुणी चढलेलं नव्हतं.

सरहद्दीच्या अलीकडे, गोरखपूरलाच कंपनीच्या माणसाकडे मी अण्णांची चौकशी केली होती. प्रथेप्रमाणे तो 'माहीत नाही' म्हणेल आणि प्रकरण मिटेल, असा माझा अंदाज होता. पण 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला कंपनीत जाब द्यावा लागे. त्याने यादी पाहिली, अण्णा पुढे रवाना असल्याचं वाचलं आणि सांगितलं, की ते कालच पुढे गेले.

पोखऱ्याच्या लॉजवाल्याकडे गोरखपूरचा निरोप आधीच पोचला होता. त्यामुळे त्याने अण्णांना प्रत्यक्ष पाहिलं होतं. चहात साखर जास्त मागतात, असं तो म्हणाला. अण्णा खरंच जास्त मागत. त्या वयाचे सगळेच मागतात, हे मला नंतर सुचलं. त्यापुढच्या मुक्कामी अण्णांनी वरणाला फोडणी नसल्याची तक्रार केलेली होती. त्याच्याही पुढच्या मुक्कामी त्यांचा रक्तदाब मोजण्यात आला होता आणि तो गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच ठीक निघाला होता. कंपनी रोज संध्याकाळी नातेवाइकांना खुशाली कळवत असे. त्यात 'बन्सीधरराव, प्रकृती उत्तम' असं येऊ लागलं. गटातले लोक दमले की योगीराज त्यांना अण्णांचं उदाहरण देत. बघा, एवढ्या वयाचा माणूस एक मुक्काम पुढं हाय.

मी हे सुधारलं नाही. उलट चालण्याचा वेग वाढवला. केवळ सहीसाठी. प्रत्येक वळणावर मी विचारत होते, आणि प्रत्येक वळणावर अण्णा नुकतेच पुढे गेलेले असत. इतकी चांगली बातमी इतक्या नियमितपणे मला घरात कधी मिळाली नव्हती.

खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामी मात्र अडचण झाली. त्यापुढे लॉज नव्हता, त्यामुळे अण्णांना पुढे ढकलायला कुणी उरलं नव्हतं. मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं, की म्हाताऱ्या बाबांनी सकाळी चहा घेतला, ते वर गेले आणि परत आलेले नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. खिंडीवर ढग उतरले होते आणि बर्फ पडायला लागला होता.

योगीराजांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. नियम स्पष्ट होता: नोंदीतला माणूस वर राहिला, तर त्याला शोधायला माणसं गेलीच पाहिजेत. दोन वाटाडे निमूट बूट बांधू लागले. धाकट्याचं पुढच्या महिन्यात लग्न होतं. त्याने फोन काढला, रेंज नाही असं पाहिलं आणि परत खिशात ठेवला. थोरल्याने त्याच्या कमरेला दोर बांधून दोनदा ओढून पाहिला. रंगनाथरावांनी एक दगड निवडून त्याला कुंकू लावलं होतं आणि आता ते त्याच्यासमोर हात जोडून बसले होते.

"ताई, सही करा," योगीराज म्हणाले. "नातेवाईक म्हणून. माणसं वर पाठवायलो आमी."

मी म्हणाले, "वर पाठवू नका. अण्णा गेले."

"गेले म्हणूनच तर पाठवायलो, ताई."

सगळे खिंडीकडे बघत होते. मीही बघितलं. तुम्हीही बघितलं असणार. तुम्हाला तर मी दाखला, राख, गोदावरी, सगळं आधीच सांगून टाकलं होतं. तरी त्या ढगातून एक म्हातारा हात हलवत उतरताना दिसतोय का, हे तुम्ही एकदा पाहिलंतच.

दोघे वाटाडे निघाले. मी पुढे होऊन धाकट्याचा दोर धरला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण वाऱ्यातही सगळ्यांना ऐकू गेला.

"थांबा. वर कुणी नाही. आमचे अण्णा मेले."