पेज शिजेपर्यंत

भागाआतेला भर दुपारी हाक मारली तर ती ओ देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला देते, तीसुद्धा आधी खाकरून. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की दुपारी बाराच्या सुमाराला देवचार आपल्या हद्दीतून फेरी मारतो. तो गावाचा राखणदार, पण त्याच्या वाटेत कुणी आलेलं त्याला चालत नाही. तो ओळखीच्या आवाजात एकदाच हाक मारतो आणि जो ओ देईल त्याला घेऊन जातो. हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण सगळे विसरतात. आते विसरत नाही.

"एकदा साद घालता तो देवचार," ती म्हणते. "दोनदा घालता तो मतां मागणारो. तीनदा घालता ता आपला माणूस."

तिला तीनदा हाक मारणारं माणूस गावात फारसं नव्हतं. त्यामुळे पुष्कळदा ती ओच देत नसे.

आते ही माझ्या नवऱ्याची लांबची आत्या. वय सत्तरीच्या आसपास. घर एकच, मध्ये मातीची भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे ती एकटी. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली आणि तेव्हापासून तिच्या डोक्याला पंचा. उन्हात पंचा, पावसात पंचा, देवळात पंचा. मी लग्न होऊन आले त्याला एकवीस वर्षं झाली, पण तिचा एक केस मी पाहिला नव्हता.

ऐकलं मात्र होतं. मी घरी काजूगर सोलते. दुपारी सगळं सामसूम होतं, खाडीचं पाणीसुद्धा हलत नाही, आणि मग भिंतीतून आवाज येतो. खर्र. थांबतो. परत खर्र, खर्र. नारळाच्या सोडणावर, सुक्या सालीवर, कुणी नखं ओढावीत तसा. पहिल्या वर्षी मी नवऱ्याला विचारलं. म्हणाला, उंदीर असतील. मग उंदीर बोलतात कसे, ते त्याला सांगता आलं नाही. कारण खर्र थांबलं की आतेचा आवाज यायचा, हळू, लहान मुलाची समजूत काढल्यासारखा, "पुरे आता. पुरे. रगात येतला."

सकाळी तिच्या उंबऱ्यावर पांढरे पातळ कपटे पडलेले असायचे, सुक्या माशाच्या खवल्यांसारखे. ती ते केरसुणीने गोळा करायची, करवंटीत भरायची आणि माडाच्या मुळाशी पुरायची. वर पायाने माती दाबायची. हे येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं. मग कुणी करणी म्हटलं, कुणी आणखी काही. बायका तिच्या अंगणाऐवजी बांधावरून जाऊ लागल्या. मी बांधावरून गेले नाही, पण विचारलंही नाही. मला आपण होऊन बोलायची सवय नाही.

यंदा शिमगा झाला आणि नवीनच प्रकार सुरू झाला.

आमचा पोस्टमन दुपारी तिच्या नावाने आलेली कुणाची तरी लग्नपत्रिका घेऊन आला. पुढचं दार लोटलेलं, म्हणून तो मागे गेला. कोकमाच्या, म्हणजे आमच्या रतांब्याच्या, झाडाखाली कुणीतरी ताठ बसलेलं होतं. डोकं पांढरं आणि फुगलेलं. त्यावर केळीचं पान, केळीच्याच सोपाच्या दोरीने हनुवटीखाली बांधलेलं. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्याने एक हाक मारली. काही नाही. दुसरी मारली. पानाखालून पांढरा ओघळ निघाला आणि गालावरून सावकाश खाली आला. तिसरी हाक त्याने मारली नाही.

"वयनी, ही पत्रिका तुम्ही द्या," तो माझ्या दारात येऊन म्हणाला. सायकल त्याने तिथेच रतांब्याखाली टाकली होती. "थयसर कोणतरी बसलेला आसा. आते न्हय ती."

सायकल आणायलाही मीच गेले.

झाडाखाली वारा नव्हता. एक कावळा फांदीवर येऊन बसला, खाली पाहिलं आणि न ओरडता उडून गेला. मी हाक मारली ती माझ्याच तोंडात राहिली. ती हाक मोजायची की नाही ते कळेना, म्हणून मी चार हाका मारल्या.

आकृती खाकरली. डोळे उघडले नाहीत.

"कोण, भिंतीपलीकडली?" एकवीस वर्षांत तिने माझं नाव कधी घेतलं नव्हतं. "सायकल घेऊन जा त्या मेल्याची. आणि माझ्याशी बोला नको. डोळ्यात जाता."

"काय जाता, आते?"

"औषध. डोक्याचा. वेंगुर्ल्याच्या डाक्तरिणीन दिल्यान हा. पंधरा मिन्टां ठेवचा, मगे धुवचा."

"मगे झाली पंधरा मिन्टां?"

"पेज शिजूक नाय अजून."

तिच्या घरात घड्याळ होतं, पण ते तिने पालथं करून ठेवलं होतं. "घड्याळ माणसान केलेला," ती म्हणायची, "पेज देवान केली." डॉक्टरणीचं पंधरा मिनिटांचं माप तिने आपल्या मापात बसवलं होतं. एक पेज. आमची पेज उकड्या तांदळाची. माझ्याकडे तिला पाऊण तास लागतो, आणि आतेची चूल तर आतेसारखीच, तीनदा फुंकल्याशिवाय पेटत नाही. मी लांब पायरीवर बसून राहिले. जवळजवळ तास गेला. लाट मागे गेल्यावर वाळूवर राहतो तसा तो फेस कडेकडेने वाळत गेला. आतून पेजेचा वास आला तेव्हा ती उठली, न्हाणीत जाऊन पान सोडलं, डोक्यावर पाणी ओतलं आणि पंचा गुंडाळून आली.

मग तिने तोंड वर केलं आणि मला थोडं भय वाटलं. कपाळ लाल आणि चकचकीत झालं होतं. कातडीखाली बारीक तांबडे धागे दिसत होते, पान उजेडात धरल्यावर शिरा दिसतात तसे.

"खवळां गेली बघ," ती म्हणाली. तिला आनंद झाला होता. "आग होता थोडी. आग होता म्हणजे औषध लागता."

मी त्या औषधी शाम्पूची डबी मागितली. आतला कागद इंग्रजी होता. पण डबीवर दुकानदाराने मराठीत चिठ्ठी चिकटवली होती. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचते. मोठ्याने वाचलं. डोकं कोरडं असताना लावणे. फक्त चट्ट्यांवर. पंधरा मिनिटांनी पाणी घालून फेस करून धुणे. झाकून ठेवू नये. डोळ्यांना, तोंडाला लागू देऊ नये. हात धुणे. दिवसातून एकदाच. चार आठवड्यांच्या वर नाही.

"कोरड्या डोक्याक शाम्पू कोण लायता गो?" आते म्हणाली. "तू लायतंस?"

"नाय. पण हयसर तसा लिवला हा."

"लिवणाऱ्याचा डोक्या कोरडा."

"आणि ह्या पान कित्याक?"

"वाफ धरूक. हळदीचा पान लावल्याशिवाय पातोळे शिजतत?"

"दिवसाक एकदाच लायतास मा?"

"एकदाच. सकाळी."

"आणि आता दुपारी लायल्यात ता?"

"ता दुपारचा एकदाच."

किती दिवस झाले ते तिने बोटांवर अमावास्या मोजून सांगितलं. सहा आठवडे होत आले होते. डबीही तिसरी होती. मी डबी माझ्या पदरात घेतली. अशी मी कुणाची वस्तू कधी घेतलेली नाही. तिने ती परत मागितली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने वेंगुर्ल्याला गेलो.

दवाखान्यात शिरताच आतेची भाषा बदलली. "बाई, मस्तकास अग्नी झाला आहे," ती डॉक्टरणीला म्हणाली. डॉक्टरणीने पंचा सोडला. मी भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले.

डॉक्टरीण लहान वयाची होती, पण रागावली नाही. म्हणाली, हा सोरायसिस. अस्वच्छपणामुळे होत नाही, कुणाच्या करणीने होत नाही, आणि हात लावल्याने दुसऱ्याला लागत तर मुळीच नाही. अंगाला कातडी बनवायची घाई झालेली असते, बाकी काही नाही. औषध चांगलं आहे, पण जोराचं आहे. जास्त वेळ ठेवलं, झाकलं, वाटेल तितके दिवस लावलं तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. मग ते देताच येत नाही.

"आता पूर्ण बंद," ती म्हणाली. "लाली उतरली की बघू. पण परत द्यायचं तर एका अटीवर. डोक्याची मागची बाजू तुम्हाला दिसत नाही. नेमकं चट्ट्यावर लावणारं आणि कातडी पातळ होते का ते रोज बघणारं कुणीतरी हवं. नाहीतर मी देणार नाही. घरात कोण आहे?"

 वरचा पंखा फिरत होता.

"आजी, घरात कोण आहे?"

आतेने पंचा मांडीवर घेतला आणि त्याची घडी घातली. मग उलगडून परत घातली. मला कळत होतं की आता बोलायला हवं. तोंड उघडत नव्हतं.

डॉक्टरणीने तिसऱ्यांदा विचारलं.

"भिंतीपलीकडे एक आसा," आते म्हणाली. माझ्याकडे न बघता.

औषध बंद होतं ते दिवस वाईट गेले. भिंतीतला आवाज परत आला, पहिल्यापेक्षा जास्त. दुपारी मी काजूगर सोलत असे आणि पलीकडून खर्र, खर्र. कधी एकदम थांबायचं आणि मग काहीच नाही, श्वाससुद्धा नाही. तेव्हा मी भिंतीला कान लावायची. मला वाटतं, तीही लावत असेल.

लाली उतरली. डॉक्टरणीने परत औषध दिलं आणि कुठे, किती लावायचं ते मला दाखवलं. पहिल्या दिवशी आते माझ्याकडे पाठ करून बसली आणि तिने पंचा सोडला. केस पांढरे, विरळ, तिनेच कातरीने वेडेवाकडे कापलेले. मध्ये मध्ये चट्टे, मीठ सुकल्यासारखे. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. मी अकरा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या आहेत. त्या चिकाने माझी बोटं काळी आणि खरबरीत झाली आहेत. कुणाकडे गेले की मी ती पदराखाली धरते.

"माझे हात बरे नाय, आते. टोचतले."

"आधी माझा डोक्या बघ, मगे हातांची लाज धर."

मी फणीच्या टोकाने भांग पाडला आणि बोट टेकवलं. ती दचकली. दोन्ही खांदे एकदम कानापर्यंत गेले.

"दुखला?"

"नाय." मग खांदे खाली आणत, "सासूक वाटायचा, लागता म्हणान. उशी वेगळी, फणी वेगळी, जेवचा पान वेगळा. घोव बरो होतो, पण लांबसून बरो. दुपारी पडवीत बायका एकमेकींच्यो उवा काढीत बसत. माका कोण बोलवी नाय. मी देवाक सांगी, माका एक तरी ऊ दी."

मी हसले. तीही हसली, तेव्हा तिचं डोकं माझ्या हातात हललं.

पंधरा मिनिटांसाठी मी मोबाईलचा गजर लावून दिला होता. पण पहिल्या दोन गजरांना ती उठेना. म्हणून मीच रतांब्याखाली बसू लागले. फेस नाही, पान नाही, डोक्यावर फक्त तेलासारखी चमक. ती मला वाडीतल्या मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायची, आणि कोण कुठे दिसतं तेही.

एका दुपारी ती बोलता बोलता थांबली. बांधाकडून हाक आली होती. "भागा." बाईचा आवाज होता, म्हातारा, अगदी स्पष्ट. मीही ऐकला. आम्ही दोघी बसून राहिलो. पान हललं नाही. बांधावर कुणी नव्हतं. दुसरी हाक आली नाही.

"ओ देऊ नको," आते कुजबुजली. तिने माझा हात धरला होता, काळ्या बोटांसकट. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आदी कदी कदी ओ देऊची वाटायची. एकट्या माणसाक एक साद पण पुरता."

मी मोबाईल बघितला. सोळा मिनिटं झाली होती. मी पाणी आणायला उठले, आणि ती हात सोडेना म्हणून तिलाही घेऊन गेले.

चार आठवडे पुरे झाले. डॉक्टरणीने उजेडात धरून डोकं तपासलं. कातडी चांगली होती, चट्टे जवळजवळ गेले होते. म्हणाली, औषध बंद. पुन्हा उठलं तर या, आपल्या मनाने लावू नका. रोज बघायचीही आता गरज नाही.

येताना एसटीत आते खिडकीबाहेर बघत होती.  घरी आल्यावर तिने दार लावून घेतलं. दुपारभर मी काजूगर सोलले. भिंत अगदी गप्प होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती माझ्या पायरीवर आली. आजवर ती कधी आली नव्हती. माझ्याकडे पाठ करून बसली, पंचा सोडून मांडीवर ठेवला आणि खांद्यावरून फणी मागे माझ्याकडे केली.

"मागल्या बाजूक बघ गो. कायतरी आसा."

मी हात धुऊन आले आणि भांग पाडला. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नीट बघितलं. काही नव्हतं. कातडी स्वच्छ होती, लहान मुलाच्या टाळूसारखी.

"आसा थोडासा," मी म्हटलं. "औषध नको त्याका. पण रोज बघूक होया."

"माका दिसणा नाय," ती म्हणाली. "तुका दिसता तर बघ."

मी पहिल्यापासून परत भांग पाडायला घेतला.