सफूराने पास केलेली बोट

"हारून, तू कोकणातला आहेस ना? मग बोट तूच निवड." शेख मन्सूर एवढं बोलून मोकळे झाले आणि हारून परकारला तिथेच, रियाधच्या ओलाया भागातल्या गारेगार ऑफिसात, मळमळायला लागलं.

मळमळणारच हो! रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं घराणं, आजोबांची मचवे चालवण्यात हयात गेली, हे सगळं खरं. पण हारूनला खाडी ओलांडायची म्हटलं तरी दोन मिनिटांत पोटातलं वर येई. हे गुपित तो रियाधला येताना सोबत घेऊन आला होता. चारशे किलोमीटरपर्यंत समुद्राचा थेंब नाही, म्हणजे कुणाला कळायची भीती नाही! उलट नोकरीच्या मुलाखतीत त्याने "आमच्या सात पिढ्या पाण्यातल्या" अशी फुशारकी मारून ठेवली होती.

आता शेखसाहेबांनी जेद्दाला यॉट घेतली. यॉट खोल पाण्यात उभी राहणार, मग तिच्यापासून किनाऱ्यापर्यंत माणसांची ने-आण करायला छोटी बोट हवी. तिला टेंडर म्हणतात. ती यॉटच्या पोटात मावली पाहिजे, यॉटवरच्या क्रेनला पेलली पाहिजे आणि पुन्हा शेखसाहेबांना शोभलीही पाहिजे. तशा तीन बोटी रियाधमधल्याच अल सुलैच्या एका गोदामाच्या आवारात, ट्रेलरवर ठेवलेल्या, पसंतीसाठी येऊन उभ्या होत्या.

"आणि माझी सुट्टी, शेखसाहेब?" हारूनने हळूच विचारलं.

"बोट आईला आवडली, की सुट्टी," शेख म्हणाले.

सुट्टी हवी होती मेहुणीच्या, झोयाच्या लग्नासाठी. त्याच्या बायकोची, सफूराची, ती एकुलती एक बहीण. सफूराने कधीच सांगून टाकलं होतं, "लग्नाला गेलो नाही तर मी माझ्या अम्मीला तोंड दाखवणार नाही, आणि तुम्ही मला दाखवू नका."

शनिवारी सकाळी हारून निघाला, तर सफूरा बुरखा घालून दारात उभी! एका हातात सांदणांचा डबा, दुसऱ्या हातात आठ वर्षांची लेक उमामा.

"तुम्ही कुठे?"

"बोट घ्यायचीय ना? आमच्या बाबांकडे घरची बाई बसल्याशिवाय आणि तोंड गोड झाल्याशिवाय नवी होडी कुणी पसंत केली नाही. चला."

हारूनने गाडीचं दार उघडलं. सासऱ्यांच्या होड्या आजही धंद्यावर होत्या.

आवारात पहिली बोट सुरीसारखी निमुळती, भन्नाट पळणारी. सफूरा चढायला गेली नि बुरखा अडकला. "ही पोरांना पळवायला ठीक आहे. डबा कुठे ठेवायचा हिच्यात?" दुसरी चहूबाजूंनी काचांची. "हे तर मच्छी ठेवायचं कपाट!" तिसरीला मात्र मागे रुंद पायरी होती, कडेला जाड रबर, आत सपाट तळ आणि धरायला जागोजागी दांडे. सफूरा तिच्यात अशी चढली, जशी माहेरच्या ओटीवर चढावी. हारून खालून बघतच राहिला. बारा वर्षांचा संसार झाला तरी बाईचा रुबाब त्याला अजून नवाच वाटायचा.

"पप्पा, व्हेअर इज द वॉटर?" उमामाने विचारलं.

"वॉटर जेद्दात. तू सांदण खा."

ऊन मी म्हणत होतं, म्हणून सफूराने बोटीवरचं ताडपत्रीचं कव्हर वर ओढून घेतलं. तिघं आत सावलीत मांडी घालून बसली. हारूनचा फोन राहिला गाडीत, चार्जिंगला. आणि तेवढ्यात घोटाळा झाला.

झालं असं, की शेखसाहेबांची आई, अरवा आजी, ओलायात डॉक्टरांकडे आली होती. ती म्हणाली, बोट मला आत्ता दाखवा. शेखांनी हारूनला फोन लावला, तो उचलेना. मग कंपनीच्या तुकाराम ड्रायव्हरला हुकूम सुटला: हारूनने निवडली असेल ती घेऊन ये, यल्ला, लवकर! तुकाराम साताऱ्याचा, कामाला वाघ. आवारात येऊन बघतो तर दोन बोटी उघड्या, एक झाकलेली. झाकलेली म्हणजे निवडलेली! त्याने ट्रेलर जोडला, काचा वर केल्या, गाणी लावली आणि निघाला.

"अहो, बोट हलतेय," सफूरा म्हणाली.

"तुकाराम! ए तुक्या! थांब रे!" हारून ओरडला. पण गाण्यापुढे त्याचं कोण ऐकणार? रिंग रोड लागला, बोट डुलायला लागली आणि आपल्या सात पिढ्या पाण्यातल्या हारूनला, कोरड्या ठणठणीत डांबरी रस्त्यावर, बोट लागली!

"तुकारामाला फोन करा की माझ्या फोनवरून."

"नंबर पाठ नाही," हारून कसाबसा म्हणाला आणि तोंड दाबून बसला.

तेवढ्यात त्याच फोनवर रत्नागिरीहून झोयाचा व्हिडिओ कॉल. "आपा, कुठे आहेस?"

"बोटीत."

"अय्या! समुद्रात?"

सफूराने कव्हर जरा सारून बाहेर पाहिलं. "नाही गं, एक्झिट अठरावर."

पुढे ओलायाच्या सिग्नलला शेजारच्या मोटारीतली माणसं मोबाइल काढून शूटिंग करायला लागली. दुसरी एखादी बाई लाजून तळाला जाऊन बसली असती. सफूराने कव्हर पुरतं मागे टाकलं, दांडा धरून ताठ बसली आणि उमामाला म्हणाली, "हात हलव. लोक बघतायत." काय बाई होती! हारूनला मळमळत असतानाही तिचा अभिमान वाटला.

ऑफिसच्या दारात बोट थांबली. तुकाराम उतरून मागे आला आणि "अगं आई गं!" म्हणून खालीच बसला. समोर शेख मन्सूर आणि चाकाच्या खुर्चीत अरवा आजी. हारूनने डोळे मिटले. नोकरी खलास, सुट्टी खलास, झोयाचं लग्न खलास!

डोळे उघडून बघतो, तर आजी खुर्चीतून उठलेली. सफूराने वरून हात दिला, तुकारामाने खाली स्टूल सरकवलं आणि रुंद पायरीवर पाय ठेवून आजी आरामात आत! सफूराने डबा उघडला. दोघींची भाषा वेगळी, पण सांदण खाताना कुणाचं अडलं नाही. आजी अरबीत काहीतरी ठामपणे बोलली आणि शेखांनी मान डोलावली. बोट पास!

मग शेख हारूनकडे वळले. तो ट्रेलरला टेकून, हिरवानिळा होऊन उभा होता.

"तुझ्या सात पिढ्या पाण्यातल्या ना?"

हारूनने मान खाली घातली. आता काय लपवणार? सफूरा खाली उतरली, पर्समधून आमसूल काढलं आणि नवऱ्याच्या तोंडात घातलं. "चघळा. नि गप उभे राहा."

शेखांनी आईकडे एकदा चोरून पाहिलं. मग जवळ येऊन अगदी हलक्या आवाजात विचारलं, "याने थांबतं?"

"थांबतं, शेखसाहेब," हारून चघळत म्हणाला.

यॉटच्या मालकाने मुकाट्याने हात पुढे केला. सफूराने त्यावर एक आमसूल ठेवलं. शेखांनी ते तोंडात टाकलं, आंबटाने डोळे बारीक केले, जरा वेळ चघळलं आणि म्हणाले, "लग्नाला जा. पण येताना याची मोठी पिशवी भरून आण. आणि हे बघ, आईला सांगू नकोस."