बिनज्योतीच्या औक्षणाची हकीकत

॥ श्री ॥ ज्याने अग्नीस तेज दिधले, उदकास शीतळाई दिधली, आणि या दोहोंमध्ये वावरणाऱ्या माणसास अक्कल किती द्यावी याचा विचार अद्याप चालविला आहे, त्या जगन्नियंत्यास साष्टांग नमन करोन ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, इंदुवार. ते समयी समुद्रकाठी एक राज्य होते. राज्याचे नाव कागदी सापडत नाही, आणि सापडले तरी सांगण्याची सोय नाही. त्या राज्यात लाकूडफाट्याचा अंमल उठोन वायूचा अंमल बसला होता. घरोघरच्या शेगड्या, पावाच्या भट्ट्या, कारखाने, तमाम वायूवर चालत, आणि तो वायू सातासमुद्रांपलीकडोन गलबतात भरोन येई. आता वायू तो किती पसरणार, आणि गलबत ते केवढे! म्हणोन शहाण्यांनी तोड काढिली की वायूस इतका गारठवावा, इतका गारठवावा, की त्याचे पाणी व्हावे. उणे एकशे बासष्ट अंश! हिमालयाने शाल मागावी ऐसी थंडी. मग सहाशे घागरी वायू एका घागरीत निमूट बसे. परंतु तो सांडला, आणि ऊब लागोन पुन्हा वायू जाहला, आणि तेथे कोणी ठिणगी दाखविली, तर मग हकीकत लिहावयास कोणी उरू नये, ऐसा तो मामला.

त्या बंदरी धक्क्याची राखण हेमांगीबाई नाखवा यांजकडे होती. बाईंचे वय एकोणतीस, शिक्षण अभियांत्रिकीचे, हुद्दा सुरक्षा-दारोग्याचा, आणि घरी दहा महिन्यांचे चिरंजीव निनादराव. बाईंचा स्वभाव मुळातच धास्तीचा, त्यात आईपण आले, आणि मग धास्तीस राज्याभिषेकच जाहला. घरातून निघताना शेगडीचे बटण तीन वेळा पाहावे, जिन्यावरोन परत येऊन चौथ्यांदा पाहावे, आणि बाळ निजले की नाकापाशी बोट धरोन श्वास चालतो की नाही ते पाहावे. त्या बोटाने बाळ जागे होई, आणि मग सासूबाई म्हणत, "अगं, तो घेतोय श्वास. तूच घेत नाहीस!" घरी जी खोड म्हणोन गाजली, तीच धक्क्यावर गुण म्हणोन वाखाणली जाई. कारण तेथे एक कायदा होता. कोणाही माणसास काही वावगे दिसले तर त्याने हात वर करोन "थांबा" म्हणावे, आणि मग झाडूवाल्यापासोन कप्तानापर्यंत सर्वांनी हातचे काम सोडावे. आधी थांबावे, मग कारण पुसावे. या फर्मानाची थोरली पाटी धक्क्यावर उभी होती. पाटीवर बंदरप्रधान श्रीमंत रंभाजीराव यांची सही, आणि वर श्रीमंतांची तसबीर, दोन्ही भुवया काळ्याभोर. वस्तुतः श्रीमंतांची डावी भुवई अर्धीच होती, परंतु तसबीरकार दरबारी रिवाज जाणत होता. सही करताना श्रीमंतांनी फर्मान वाचले नव्हते, तेही रिवाजास धरोनच.

त्या साली पलीकडच्या समुद्रात तुफान होऊन दोन गलबते अडकली, आणि राज्याच्या टाक्यांत तीन दिवसांपुरता वायू राहिला. मग तिसरे गलबत येत आहे ऐसी खबर आली आणि दरबारात आनंद जाहला. श्रीमंतांच्या मातोश्री आईसाहेब, वय चौऱ्याऐंशी, यांणी नवस केला की गलबत सुखरूप धक्क्यास लागले तर आपण जातीने जाऊन पंचारतीने ओवाळू. आईसाहेबांचा नवस म्हणजे श्रीमंतांचा हुकूम, आणि श्रीमंतांचा हुकूम म्हणजे चिटणीस लघाटे यांची धावपळ. लघाटे सकाळीच टेंपो भरोन फाटकापाशी दाखल जाहले. टेंपोत हार, नारळ, पंचारती, कापूर, ताशेवाले, आणि उत्साहाच्या भरात हजार फटाक्यांची माळ. बाईंनी माळ पाहिली मात्र, त्या टेंपोस आडव्या जाहल्या. माळ फाटकावर जप्त जाहली, कापूर जप्त जाहला, आणि पंचारतीवर गाडे अडले.

लघाटे म्हणाले, "बाई, वात ती केवढी? करंगळीच्या नखाएवढी."

"लघाटेसाहेब, ठिणगी त्याहून लहान असते. काडेपेटी इकडे द्या. ओवाळायचे तर या फाटकाबाहेरून ओवाळा."

"इथून धक्का दीड कोस! आईसाहेबांस मोतीबिंदू. इथून गलबत ओवाळले काय आणि गोदाम ओवाळले काय!" लघाटे यांणी काडेपेटी दिली, आणि मग आवाज उतरवोन बोलिले, "पलीकडच्या बेटावरील दीपगृहास दारोगा हवाच आहे म्हणतात. पंधरा दिवसांनी एक होडी जाते. लहान मुलांस न्यायची परवानगी नाही. तिथे मात्र दिवा लावलेला चालतो, बरं का."

निनादरावांस दोन दात आले होते, तिसरा येऊ घातला होता, आणि पंधरा दिवसांत तो आपल्या माघारी येईल, इतकेच बाईंच्या मनात आले. तोच फिरंगी कप्तानाचा निरोप, गलबतास बंदराची वाट दाखविणाऱ्या वाटाड्यामार्फत, आला की, धक्क्यावर ज्योत दिसली तर मी दोर सोडोन समुद्रात परत जाईन, आणि मग चार दिवस माझी वाट पाहू नये. टाक्यांत वायू तीन दिवसांचा. बाईंनी बोटांवर मोजोन पाहिले, मग पुन्हा मोजले. उत्तर तेच येत होते.

दोन प्रहरी भरती पुरी जाहली. चार ओढहोड्या चहूं अंगांनी लागल्या, आणि जैसे नव्या नवरीस चार करवल्यांनी उंबरठ्यापाशी आणावे तैसे ते अजस्र गलबत त्यांणी इंचाइंचाने धक्क्यास आणिले. दोर बांधले गेले, आणि मग वायू उतरविण्याचे लोखंडी नळ गलबताच्या तोंडांस जोडण्याचे काम चालू जाहले. तितक्यात श्रीमंतांची स्वारी आली. श्रीमंतांच्या पागोट्यावर पिवळे शिरस्त्राण, आईसाहेब चाकांच्या खुर्चीत, मागे ताशा. आईसाहेबांनी ताट हाती घेतले आणि लघाटे यांणी पानाचा डबा उघडिला. डब्यात पाने नव्हती. दुसरी काडेपेटी होती. बाईंनी ती पाहिली, आणि त्या क्षणी त्यांस बेट दिसले, होडी दिसली, तिसरा दात दिसला. मग हात वर गेला. तो आपण उचलिला की आपोआप उचलला गेला, हे बाईंस पुढे कधी सांगता आले नाही.

"थांबा!"

आवाज पाळण्याची कडी करकरावी इतकाच निघाला, परंतु धक्क्यास तो पुरला. नळ जोडणारे थांबले, ओढहोड्या थांबल्या, ताशाची काठी हवेत थांबली, आणि गलबतावर बादली घेऊन चाललेला एक फिरंगी खलाशी एका पायावर थांबला. लघाटे काडी धरोन थांबले. श्रीमंतही थांबले, आणि आपण थांबलो हे ध्यानी येताच संतापले.

"कोण म्हणाले थांबा? आम्हांस?"

"मी म्हणाले, साहेब."

"कोणाच्या हुकुमाने?"

बाईंनी पाटीकडे बोट दाखविले. श्रीमंतांनी मागे वळोन पाटी पाहिली. पाटी वाचीत असता त्यांचे ओठ हलत होते. सहीपाशी येताच ते घुटमळले आणि लघाटे यांजकडे पाहिले, आणि लघाटे यांणी समुद्राकडे पाहिले.

मग आईसाहेब बोलिल्या. "रंभा, तुझी भुवई कशाने गेली?"

"आईसाहेब, चारचौघांत हा विषय..."

"सांग."

"ओवाळताना."

"कोण ओवाळत होतं?"

श्रीमंत पुटपुटले, "आपण."

"पहिला वाढदिवस तुझा. वात लांब, खिडकीतून वारा, आणि माझं लक्ष जाऊबाईंच्या नव्या पाटल्यांकडे. घर भरलेलं होतं, पण थांब म्हणेल अशी एक बाई नव्हती त्यात." आईसाहेबांनी ताट मांडीवर ठेविले आणि हेमांगीबाईंकडे डोळे बारीक करोन पाहिले. "लहान मूल आहे ना गं घरी?"

"दहा महिन्यांचं."

"वाटलंच. एरवी इतके डोळे फाडून कोण बघतं! बरं, अंगठी-सुपारीनं ओवाळते. अंगठी चालते का तुझ्या कायद्यात?"

बाईंनी खरोखरच विचार केला. "चालते. पण ताट पितळी आहे, त्यावर आपटू नका. खाली सुती रुमाल घालू."

"सासू हुशार असेल हिची," आईसाहेब म्हणाल्या, "हिच्यापुढे टिकून आहे म्हणजे."

ऐसे ते बिनज्योतीचे औक्षण जाहले. कप्तान खाली उतरला, त्याने कुंकू लावोन घेतले, आणि सुपारी हा राज्याचा मेवा समजोन चावली व दात धरोन बसला. मग नळांचे काम पुढे चालले. श्रीमंत म्हणाले, "आता सोडा एकदम!" बाई म्हणाल्या, "एकदम नको, साहेब. नळांस आधी थंडीची सवय लावावी लागते, नाहीतर लोखंड आखडते आणि सांधे सुटतात. बाळास आपण पेज चमच्याचमच्याने देतो ना, तसे." मग चमच्याचमच्याने वायू आला, नळांवर पांढरेशुभ्र हिव दाटले, आणि दोन तासांनी धार पुरी लागली. श्रीमंतांस तो कायदा इतका आवडला की त्यांणी दिवसभरात आणखी दोन वेळा "थांबा" म्हटले, आणि दोन्ही वेळा अवघे बंदर थांबले. बाईंनी नोंदवहीत कारणे नेमस्तपणे लिहिली: एक, टोपी उडाली. दोन, चहात साखर कमी. संध्याकाळी दुसऱ्या दारोग्याच्या हाती राखण देऊन बाई निघाल्या तेव्हां लघाटे फाटकापाशी उभे होते. म्हणाले, "दीपगृहाचं मी आपलं सहज बोललो होतो."

"मीही सहजच ऐकलं," बाई म्हणाल्या, आणि जप्तीतल्या त्यांच्या दोन्ही काडेपेट्या परत दिल्या. फाटकाबाहेर.

बाई घरी पोहोचल्या तो दिवेलागण जाहली होती. मोठ्या कामाहोन सून आली म्हणोन सासूबाई दारात निरांजन घेऊन उभ्या, कडेवर निनादराव. ज्योत दिसली मात्र, बाईंचा हात वर गेला आणि त्या ओरडल्या, "थांबा!" सासूबाई जागच्या जागी थांबल्या. यजमान आत पोळी उलटीत होते, ते उलथन्यासकट थांबले. निनादरावही रडता रडता थांबले आणि त्यांणी आपला हात वर केला.

"थांबले," सासूबाई म्हणाल्या. "आता कारण सांग."

सकाळपासोन धरलेला श्वास बाईंनी तेथे उंबरठ्यावर सोडिला. मग चपला काढिल्या, बाळ आपल्या कडेवर घेतले, आणि निमूट ओवाळोन घेतले. मात्र ताट फिरले तितका वेळ निनादरावांच्या दोन्ही भुवयांवर तळहात धरोन.

सारांश, गलबत दुसरे दिवशी रिते होऊन सुखरूप गेले आणि राज्याच्या चुली चालू राहिल्या. काहीच न घडल्यामुळे दरबारी दप्तरात या दिवसाचे पान कोरे आहे. ते पान कोरे कोणी राखिले, इतुकेच येथे लिहिले असे.